मोकाट मांजरांचा प्रश्न : नेऊन सोडणे हा उपाय नव्हे

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा एक परिणाम चांगला झाला. मांजराच्या जिवावर सहसा कोणी उठत नाही. दुसरा परिणाम मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मांजर नकोसे झाले की ते मारायचे नाही, पण पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा शेजारच्या गावाच्या शिवारात सोडून यायचे, असा मधला मार्ग लोकांनी शोधून काढला. पिले तर पुष्कळदा डोळे उघडण्यापूर्वीच खोक्यात घालून बाजाराच्या कोपऱ्यात ठेवली जातात. पापही टळले आणि पीडाही टळली, असे समाधान त्यात असते. वस्तुतः या दोहोंपैकी काहीच टळत नाही.

खानदेशातील एका मोठ्या गावच्या प्राथमिक शाळेत मला याचा प्रत्यय आला. शालेय पोषण आहाराची भांडी उघड्यावर घासली जात आणि उरलेली खिचडी कुंपणालगतच्या खड्ड्यात टाकली जाई. त्या खड्ड्याभोवती सात-आठ मांजरे कायमची वस्तीला आली होती. एका मुलीने पिलू उचलण्याचा प्रयत्न केला आणि तिच्या हातावर ओरखडे उठले. पालकांची तक्रार आली, सभा झाली, आणि मांजरे पकडून टेम्पोने दूर नेऊन सोडावीत असे ठरले. त्याप्रमाणे ती सोडण्यातही आली. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा खड्ड्यापाशी नऊ मांजरे मोजली. मुख्याध्यापकांच्या मते त्यांतील एकच जुने होते. बाकीची सर्व नवी.

मांजरे हलवली होती, खड्डा मात्र जागच्या जागीच होता. या प्रश्नाचे मर्म इतकेच आहे, आणि ते नीट समजले तर पुढील उपाय आपोआप सुचू लागतात.

मोकाट मांजर म्हणजे कोणते?

घरात वाढलेले मांजर, हरवलेले किंवा सोडून दिलेले मांजर आणि जन्मापासून माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढलेले मांजर, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, जरी तिघांचे रूप एकच असले तरी. पहिली दोन माणसाजवळ येतात. तिसरे दिवसा दिसत नाही, दिसले तर अंतर राखते, आणि कोंडीत सापडले तर चावते. यालाच खऱ्या अर्थाने रानवट झालेले मांजर म्हणता येईल. मांजराच्या पिलाला माणसाची सवय लागण्याचा काळ फार थोडा असतो. साधारणतः दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ते हाताळले गेले तर माणसाळते. तो काळ उलटला की पुढे त्याला घरात कोंडून माणसाळवण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थ जातो, आणि त्या जनावरालाही तो छळ वाटतो.

मांजर एकटे राहणारे जनावर आहे, असे आपण शाळेत शिकलो. शिकारीपुरते ते खरे आहे. पण जेथे एकाच ठिकाणी रोज अन्न पडते, तेथे मांजरी आपल्या मुली-नातींसह गटाने राहतात, एकमेकींची पिले पाजतात आणि परक्या मांजरास सहजी आत येऊ देत नाहीत. बोके मात्र फिरते असतात. जळगावच्या डाळ मिलांची गोदामे, बाजार समित्यांमधील धान्याच्या शेड, भुसावळची रेल्वे वसाहत, धुळ्यातील मांस-मासळीचे बाजार, बसस्थानकांमागील खाणावळी, सरकारी रुग्णालयांची आवारे ही अशा गटांना सोयीची ठिकाणे होत. जुन्या गावठाणांत धाब्याची घरे एकमेकांस लागून असल्याने मांजराला जमिनीवर पाय न टेकता अख्खी गल्ली ओलांडता येते. मांजर पिलांना सात घरे फिरवते असे आपल्या आजी सांगत. त्यात तथ्य आहे. बोक्याच्या, कुत्र्याच्या वा माणसाच्या भयाने मांजरी पिलांची जागा वारंवार बदलते, आणि म्हणूनच पिलांची मोजदाद नेहमी कमी भरते.

संख्या किती वेगाने वाढते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मांजरी चार ते सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. एका वेळी सामान्यतः तीन ते पाच पिले होतात, आणि पहिली पिले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, त्यामुळे तेथे काही महिने विणीचा खंड पडतो. खानदेश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. येथे अगदी डिसेंबरातही दिवस अकरा तासांच्या जवळपास असतो, म्हणून असा स्पष्ट खंड पडत नाही. जन्मलेल्या पिलांपैकी पुष्कळशी रोगाने, उपासमारीने, वाहनाखाली सापडून मरतात, हे खरे. पण अशा मृत्यूंनी संख्या आटोक्यात राहते म्हणून स्वस्थ बसणे, हे व्यवस्थापन नव्हे.

उंदीर, प्लेग आणि मांजर

मांजराविषयीच्या आपल्या सरकारी विचाराला एक जुना आणि काहीसा विस्मृत अध्याय आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती खानदेश-वऱ्हाडातही पोहोचली. उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांडले आणि नंतर मुंबईतील संशोधनाने ते पक्के झाले. त्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी असे निरीक्षण नोंदवले की, ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत तेथे प्लेगचा उपद्रव कमी दिसतो. १९०८ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लेखही लिहिला. मांजरे पाळावीत, हा त्यांचा सल्ला होता.

आज या सल्ल्याचा आधार घेऊन गोदामात मांजरे वाढवावीत असे मात्र कोणी समजू नये. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आता ज्ञात आहे. शिवाय मांजर लहान उंदीर व चिचुंद्र्यांवर जितक्या उत्साहाने झडप घालते, तितकी ती मोठ्या घुशीवर घालीत नाही. न्यूयॉर्कमधील एका कचरा प्रक्रिया केंद्रात केलेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण असे की, मांजरे आली तेव्हा घुशी मेल्या फारच थोड्या, त्या फक्त लपून राहू लागल्या. तेव्हा मांजर हे उंदरांवरील रामबाण औषध नव्हे. तरीही गोदामातील व्यापारी आपल्या मांजरांना हात लावू देत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे मला वाटत नाही. त्यांची चूक वेगळीच होते. एका हाताने ते मांजराला दूध घालतात आणि दुसऱ्या हाताने झिंक फॉस्फाइडचे आमिष उघड्यावर ठेवतात. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर मरते, उंदीर मात्र त्या आमिषाला बिचकायला शिकतात.

मारून टाकल्यास प्रश्न मिटेल का?

काही सभांत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचा विचार केलेला बरा. हिंदी महासागराच्या दक्षिणेस मॅरियन नावाचे एक निर्जन बेट दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आहे. तेथील हवामान केंद्रातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९४९ मध्ये पाच मांजरे नेण्यात आली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली होती आणि बेटावरील समुद्रपक्षी लक्षावधींच्या संख्येने त्यांच्या भक्ष्यस्थानी पडत होते. मग मांजरांमध्ये रोगाचा विषाणू सोडण्यात आला, बंदुका, सापळे आणि विष यांचा वापर झाला. शेवटचे मांजर संपायला १९९१ साल उजाडले. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या, वस्ती नसलेल्या बेटावर ही मोहीम इतकी वर्षे चालली. जळगाव किंवा धुळे हे बेट नाही. येथे एक गल्ली रिकामी झाली तर शेजारच्या गल्लीतील मांजरे आठवडाभरात तेथे येतात.

कायद्याचाही येथे स्पष्ट अडसर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये प्राण्याला भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हासुद्धा अपराध आहे. म्हणजे पोत्यात घालून शिवारात सोडून येण्याची आपली ‘निष्पाप’ पद्धत कायद्याच्या दृष्टीने निष्पाप नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. तिच्या कलम ३२५ प्रमाणे खोडसाळपणे प्राणी मारणे, त्यास विष घालणे वा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. केंद्र शासनाने १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित केलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रामुख्याने कुत्र्यांसाठी आहेत. तथापि कोणाच्याही मालकीचा नसलेला आणि वस्तीतच जन्मलेला प्राणी हा त्या समाजाचा प्राणी आहे, आणि त्याला खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवून दिली पाहिजे, ही तत्त्वे त्या नियमांनी मान्य केली आहेत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतील भटक्या कुत्र्यांसंबंधी जे आदेश दिले, ते मांजरांनाही लागू आहेत असे समजून काही ठिकाणी गोंधळ होण्याचा संभव आहे. ते आदेश कुत्र्यांविषयी होते.

इटलीने १९९१ च्या एका कायद्यान्वये मोकळ्या मांजरांना ती जेथे राहतात तेथेच राहू द्यावे आणि त्यांचे निर्बीजीकरण शासकीय पशुवैद्यांनी करावे असे ठरवले. आपल्याकडे मुंबई व पुणे येथील महानगरपालिकांनीही कुत्र्यांपाठोपाठ मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले आहे. म्हणजे पद्धत नवी नाही, ती आपल्या भागात आणावयाची आहे इतकेच.

प्रत्यक्ष काम कसे करावे?

आरंभ पिंजऱ्याने नव्हे, वहीने करावा. एखाद्या आवारात मांजरे किती, याचा अंदाज विचाराल तर एक जण पाच सांगेल, दुसरा पन्नास. आठ-दहा दिवस रोज एकाच वेळी अन्न ठेवून येणाऱ्या मांजरांची रंगावरून नोंद करावी. पट्टेरी, काळे, पिवळे, पांढऱ्यावर ठिपके, असे. काळा, पिवळा आणि पांढरा हे तिन्ही रंग ज्याच्या अंगावर आहेत ते मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, हा नोंद करणाऱ्यास उपयोगी पडणारा तपशील आहे. कोणती मादी गाभण दिसते, कोणाची ओटी दुधाने भरलेली आहे, हेही लिहून ठेवावे.

ठराविक वेळी अन्न ठेवण्याची ही शिस्त हाच पुढील कामाचा पाया होय. अन्न अर्धा तास ठेवून उरलेले उचलावे. रात्रभर ताट पडून राहिले की मांजराबरोबर घुशी आणि कुत्रीही जमतात, आणि तक्रारी खाऊ घालणाऱ्या माउलीवर येतात. येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. निर्बीजीकरण न करता केवळ खाऊ घालणे हा दयेचा अर्धाच भाग आहे, आणि त्या अर्ध्या भागाने संख्या वाढते. मोठ्या मांजराला दूध द्यायचीही गरज नसते. पुष्कळ मांजरांना ते पचत नाही. पाणी मात्र हवे, विशेषतः आपल्याकडे.

पकडण्यासाठी उंदराच्या पिंजऱ्याच्याच तत्त्वावर चालणारा मोठा जाळीचा पिंजरा वापरतात. आत शिरलेल्या मांजराचा पाय पट्टीवर पडला की दार बंद होते. फास, पोते, जाळे यांचा वापर कदापि करू नये. पकडण्याच्या आदल्या रात्री अन्न ठेवू नये, म्हणजे मांजर पिंजऱ्यात येते आणि भूल देण्याच्या दृष्टीनेही पोट रिकामे राहते. दार पडताच पिंजऱ्यावर जाडसर कापड टाकावे. अंधारात मांजर शांत होते. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाची असते. भूल असतानाच डाव्या कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे पुढे तेच मांजर दुसऱ्यांदा पकडले जात नाही. त्याच वेळी रेबीज प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. नराला साधारण एक दिवस आणि मादीला एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवून, ज्या ठिकाणाहून उचलले तेथेच सोडावे. या शेवटच्या वाक्यावर सभांतून सर्वाधिक वाद होतो. ‘परत आणायचेच होते तर नेले कशाला?’ असे सदस्य विचारतात. उत्तर असे की, निर्बीजीकरण झालेले मांजर आपली जागा राखते, नव्यांना सहजी येऊ देत नाही, त्याची रात्रीची ओरड व भांडणे पुष्कळशी थांबतात, आणि त्यास पिले होत नाहीत. खड्ड्यापाशी नऊ नवी मांजरे येण्यापेक्षा कान कापलेली सात जुनी असणे केव्हाही श्रेयस्कर.

एका गल्लीतील दोन, दुसऱ्या गल्लीतील तीन अशा रीतीने काम केल्यास हाती काही लागत नाही. एक आवार घ्यावे आणि त्यातील निदान तीन-चतुर्थांश मांजरांचे काम एकाच हंगामात पुरे करावे. घरोघरच्या पाळीव मांजरांचेही निर्बीजीकरण झाले पाहिजे, कारण मोकाट मांजरांचा पुरवठा बव्हंशी तेथूनच होतो. आठ आठवड्यांच्या आतील पिले माणसाळवून चांगल्या घरी देता येतात. त्यासाठी शिक्षकांची मदत मोलाची ठरते. मुलांना मात्र पकडण्याच्या कामापासून दूरच ठेवावे.

हंगामाविषयी खानदेशापुरते विशेष सांगायचे ते असे की, हे काम कार्तिक ते माघ या महिन्यांत उरकावे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात पत्र्याशेजारी विसरलेला पिंजरा म्हणजे मांजराचा तासाभरात मृत्यू होय. हिवाळ्यातही पिंजरे पहाटे अथवा सायंकाळीच लावावेत आणि जवळ माणूस बसवावा.

रोगांविषयी भीती आणि दक्षता

मांजर चावल्याने वा त्याने ओरबाडल्यानेही रेबीज होऊ शकतो. कुत्र्याच्या मानाने असे प्रसंग कमी असतात, म्हणूनच लोक त्यांकडे दुर्लक्ष करतात, आणि तेथेच घात होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. आमच्याकडे जखमेत तिखट भरण्याची रीत अजून पूर्णपणे गेलेली नाही. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे लस विनामूल्य मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस पहिला, मग त्यापासून तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा असे मोजतात. पाळीव मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवता येते. मोकाट मांजराची तशी खात्री नसते, म्हणून लसीचा क्रम अर्धवट सोडू नये. गरोदर स्त्रियांनी मांजराच्या विष्ठेचा संपर्क टाळावा, मातीकाम करून आल्यावर हात धुवावेत. यापलीकडे घाबरून घरातील मांजर हाकलण्याचे कारण नाही.

दुसरा धोका या भागाला अनुभवाने माहीत आहे. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही त्याचा उद्रेक झाला, आणि २०२१ मध्ये नवापुरास पुन्हा त्याची झळ बसली. हा विषाणू मांजरांना होतो. २०२५ च्या आरंभी शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्ये तो आढळला. तेव्हा मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकण्याऐवजी खोल पुरल्या पाहिजेत. कुक्कुटपालन केंद्रांच्या आसपास मांजरे एकाएकी मरू लागली तर ती बाब पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावी.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, रावेर, चोपडा व शिरपूर या तालुक्यांतील पंचायतींनी आणखी एक काळजी घ्यावयाची आहे. शेतात सापडणारे प्रत्येक पिलू मांजराचे नसते. लांब पायांचे, आखूड शेपटीवर काळी वलये असणारे रानमांजर, ज्याला बाऊल म्हणतात, ते ऊस व झुडपांत विते. मांजरांच्या कुळातील जगातील सर्वांत लहान जातींपैकी एक असलेली वाघाटीही महाराष्ट्रात उसाच्या शेतात पिले घालते. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. अशी पिले जागेवरच ठेवून वनखात्यास कळवावे. आई बहुधा रात्री येऊन त्यांना नेते. गावची मोकाट मांजरे या रानमांजरांना रोग देतात आणि त्यांच्याशी संकरही पावतात. रानालगतच्या गावांनी निर्बीजीकरणाला प्राधान्य द्यावे, याचे हे एक कारण आहे.

घंटा कोणी बांधावी?

ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या यांच्यासाठी आहेत, आणि तेथील अधिकाऱ्यांवर लसीकरणाचा भार मोठा असतो. प्रत्येक गावाने स्वतंत्र शिबिराची मागणी करणे व्यवहार्य नाही. दोन-चार ग्रामपंचायतींनी मिळून ठराव करावा, मांजरांच्या नोंदीची वही सोबत जोडावी आणि तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन दिवसांचे शिबिर मागावे. पिंजरे एकदाच घ्यावे लागतात, ते गावोगाव फिरवता येतात. औषधे, वाहन आणि पिंजऱ्यापाशी बसणारा माणूस, एवढाच काय तो आवर्ती खर्च. आकडे लिहिलेली वही पाहिल्यावर अधिकाऱ्यांचे उत्तर ‘पाहू’ यापेक्षा निराळे येते, असा माझा अनुभव आहे.

त्या शाळेत पुढे भांडी घासण्याची जागा सिमेंटची झाली, खड्डा बुजवून उरलेले अन्न झाकणाच्या डब्यात जाऊ लागले. सातवीच्या मुलांनी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मांजरांची नोंद ठेवली. मी पाहिले तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर नऊ मांजरांचे वर्णन होते आणि त्यांतील पाचांपुढे, शिबिर झाल्यावर, शाईने एकच शब्द लिहिला होता : कान.